गावात इंटरनेट आलं. आता शेतीची माहिती एकमेकांपर्यंत नीट कशी पोचवायची?

प्रश्न असा आहे: "आमचं गाव परभणी जिल्ह्यात. सोयाबीन, तूर आणि थोडा कापूस. ग्रामपंचायतीत फायबरचं कनेक्शन आलंय, बहुतेक घरांत एक तरी स्मार्टफोन आहे. आम्ही काही तरुणांनी व्हॉट्सॲपवर गावाचा शेती गट काढला. रोज ढीगभर मेसेज येतात, पण त्यातून कोणाच्या शेतात काही बदलल्याचं दिसत नाही. आता यूट्यूब चॅनल काढावं, वेबसाइट करावी की ॲप बनवून घ्यावं?"

तिन्हींपैकी काहीच लगेच काढू नका. आहे तो गट सध्या पुरेसा आहे. त्यात फिरणारी माहिती कशी आहे, ते आधी बघा. आजचा कुठलाही एक मेसेज उचला आणि विचारा: हे कुठल्या गावचं? कसल्या जमिनीतलं? कोणत्या वाणाचं, पेरणीनंतर कितव्या दिवशीचं? आणि ते चुकीचं निघालं तर जाब कोणाला विचारायचा? बहुतेक मेसेजमध्ये यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर सापडणार नाही. कृषी विस्ताराच्या कामात माझी हयात गेली. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. पत्ता नसलेली माहिती शेतकऱ्याच्या कामाची नसते, आणि फवारणीच्या बाबतीत तर ती जिवावर बेतू शकते. इंटरनेटनं माहिती नेण्या-आणण्याचा खर्च जवळजवळ संपवला आहे. तिला पत्ता लावायचं काम मात्र गावानंच करायचं आहे, आणि ते कसं करायचं हेच मी इथे सविस्तर सांगतो.

आधी थोडं मागचं, कारण तुमच्या गावासारखा विचार आपल्याच राज्यात पूर्वीही झाला आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांमध्ये संगणक केंद्रं उभी राहिली. पीक सल्ला, बाजारभाव, शासकीय योजना असं पुष्कळ काही त्यातून द्यायचं ठरलं होतं. काही वर्षांनी संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा केंद्रांचा वापर मुख्यतः साखर कारखान्याच्या व्यवहारापुरता होत असल्याचं दिसलं. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन किती भरलं, खात्यावर खत किती उचललं, यासाठीच लोक तिथे येत. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मंडळींनी काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. तेच काम कमी खर्चात झालं आणि शेतकऱ्यांनाही ते सोयीचं वाटलं.

यावरून काहींनी असा निष्कर्ष काढला की शेतकऱ्याला पीक सल्ल्यात रस नाही. मला तो मान्य नाही. शेतकऱ्यानं स्वतःच्या उसाची, स्वतःच्या खात्याची माहिती मागितली, कारण तीच त्याच्या नावानिशी होती. बाकीचा मजकूर सगळ्यांसाठी सारखा लिहिलेला होता, म्हणून तो आपल्यासाठी आहे असं कोणालाच वाटलं नाही. याच्या उलट अनुभव बारामतीचा. २००३ च्या सुमारास आयआयटी मुंबईनं तिथल्या कृषी विज्ञान केंद्राबरोबर 'ए-ॲक्वा' नावाची सोय सुरू केली. शेतकरी मराठीत प्रश्न टाकायचे, सोबत फोटो जोडता यायचा, आणि केंद्राचे तज्ज्ञ उत्तर द्यायचे. तेव्हा नेट धीम्या गतीचं होतं, हातात स्मार्टफोन नव्हते, तरी लोक विचारायचे. इथे सुरुवात शेतकऱ्याच्या प्रश्नानं व्हायची. तुमच्या गटाची दिशा ठरवताना ही गोष्ट लक्षात ठेवा: आधी प्रश्न, मग माहिती.

सध्या आपल्याकडे इंटरनेटचा शेतीसाठी सगळ्यात नेमका वापर द्राक्ष बागायतदार करतात, असं मी म्हणेन. नाशिककडचा किंवा सांगलीकडचा बागायतदार गटात लिहितो ते असं: "थॉमसन, फळछाटणीचा ३८ वा दिवस, फुलोरा, काल रात्री १० मिमी पाऊस, पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसतेय." एवढ्यात जाणकाराला बाग डोळ्यांसमोर दिसते. छाटणीपासून दिवस मोजायची सवय सगळ्यांना असल्यामुळे शंभर बागांची माहिती एका मापात येते. निफाडच्या बागेत ३५ व्या दिवशी काय झालं, ते तासगावच्या बागायतदाराला समजून घेता येतं.

ही शिस्त त्यांना परिस्थितीनं लावली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. तेव्हापासून कोणतं औषध, किती, आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं, हे विचारल्याशिवाय निर्यातीचा बागायतदार पंप उचलत नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांची शिफारशीतल्या औषधांची यादी गटागटांतून फिरते, आणि तीही कोणत्या हंगामाची आहे ते बघून.

सोयाबीनवाल्यांना हे जमणार नाही असं अजिबात नाही. तुमचं घड्याळ आहे पेरणीची तारीख. गटातल्या प्रत्येकानं पेरणी झाली की एक ओळ टाकायची: नाव, शेताचं स्थानिक नाव (माळावरचं, ओढ्याकाठचं, जे असेल ते), जमीन हलकी, मध्यम की भारी, वाण, बियाणं घरचं की विकतचं, पेरणीची तारीख, आणि सपाट पेरणी की रुंद वरंबा सरी (रुंद गादीवर पेरणी, दोन्ही बाजूंना सरी). ही ओळ एका वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवून ठेवा. पुढच्या चार महिन्यांत त्या शेताबद्दल जे काही येईल, ते या ओळीला जोडायचं. सगळ्या गावाला एकदम ओढू नका. २५ ते ३० जण, एक पीक आणि एक हंगाम पुरे. मोठा गट आहे तसा चालू द्या, तिथे लोकांचे सुखदुःखाचे निरोप येतात, त्यावर चिडू नका. हा लहान गट वेगळा करा.

आता प्रश्न कसा विचारायचा. यावर मी मुद्दाम जास्त लिहितो, कारण खरी गफलत इथेच होते.

"सोयाबीन पिवळी पडली, काय मारू?" असा मेसेज आणि सोबत एका पानाचा अंधुक फोटो. यावर प्रामाणिक माणूस उत्तर देऊ शकत नाही. सोयाबीन पिवळी पडायची निदान चार-पाच कारणं असतात आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, जमीन चुनखडीची असेल, तर बहुधा लोहाची कमतरता आहे. पाऊस लागून राहून वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची स्थिती) नसला की ती जास्त दिसते. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील, अशी झाडं शेतात विखुरलेली असतील आणि पांढरी माशी दिसत असेल, तर तो पिवळा मोझॅक. खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर नत्राकडे किंवा मुळांवरच्या गाठींकडे बघावं लागतं. फक्त खोलगट भागातलंच पीक पिवळं असेल तर पाणी साचलंय, तिथे चर काढायचा असतो. आणि एखादी फांदी किंवा पानाचा देठ वरून सुकत असेल, त्यावर एकाखाली एक अशा दोन चकत्या दिसत असतील, तर चक्रीभुंगा आहे. पाचही शेतकऱ्यांनी एकच "पिवळ्यावरचं औषध" आणलं, तर त्यातल्या चौघांचे पैसे तरी वाया जातील. मोझॅकची झाडं उपटायची सोडून लोह फवारत बसलं, तर रोग शेजाऱ्याच्या शेतापर्यंत जाईल.

म्हणून फोटो चार हवेत. पहिला बांधावर उभं राहून सगळ्या शेताचा. त्रास पट्ट्यात आहे, खोलगटात आहे की विखुरलेला, हे त्यातून कळतं आणि अर्धं निदान तिथेच होतं. दुसरा एका पूर्ण झाडाचा, शक्य असेल तर मुळासकट उपटून. तिसरा पानाच्या वरच्या बाजूचा आणि चौथा खालच्या बाजूचा. बाजूला पेन किंवा रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार समजतो. भर दुपारच्या उन्हात फोटोतला रंग फिका येतो, सकाळी काढा. अळी असेल तर जवळून, डोक्याचा आणि शेपटीकडचा भाग दिसेल असा. २०१८ मध्ये मक्यावर अमेरिकन लष्करी अळी पहिल्यांदा आली, तेव्हा पोंग्यातल्या (मक्याच्या शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीतल्या) कुठल्याही अळीला लोक तेच नाव देऊ लागले होते. त्या अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय असतो आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. हे फोटोत दिसलं तरच ओळख खात्रीची.

फोटोबरोबर एका मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायचा. त्यात पेरणीनंतरचे दिवस, गेल्या आठवड्यातला पाऊस, मागच्या पंधरा दिवसांत काय काय फवारलं (तणनाशकासकट), आणि त्रास कधीपासून दिसतोय हे सांगायचं. टाइप करायला सांगू नका. ज्यांना लिहायचा सराव नाही ते मग विचारतच नाहीत, आणि गावातली सगळ्यात अनुभवी माणसं बहुतेक त्यांच्यातच असतात. बोलून सांगताना शेतकरी न विचारलेलंही सांगून जातो, "परवा शेजाऱ्यानं तणनाशक मारलं तेव्हा वारं होतं" असं काहीतरी, आणि नेमकं तेच कारण निघतं.

उत्तर कोणी द्यायचं? तुमच्या भागाचे सहायक कृषी अधिकारी (कालपर्यंत आपण ज्यांना कृषी सहायक म्हणायचो), जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचे विषय विशेषज्ञ, आणि परभणीला तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठच आहे. पण या माणसांकडे कितीतरी गावं असतात. त्यांना गटात घालून दिवसाला दोनशे फोटो दाखवले तर आठवड्यात ते बघणं सोडून देतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. तुमच्यातल्या एकानं रोज संध्याकाळी प्रश्न गोळा करावेत, सारखे प्रश्न एकत्र करावेत, अपुरे फोटो परत मागवावेत आणि तीन-चारच नेमके प्रश्न पुढे पाठवावेत. हे काम करणारी व्यक्ती चिकाटीची आणि गावात सगळ्यांशी बोलणारी हवी. फोन भारी असला-नसला तरी चालेल. घाईचं असेल तर किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत, साध्या फोनवरूनही. २००४ पासून चालू आहे आणि तरी कितीतरी शेतकऱ्यांनी एकदाही वापरलेलं नाही.

कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराबद्दलही बोललं पाहिजे. गावाकडे पहिला सल्लागार बहुधा तोच असतो. त्याला वाईट ठरवून बाजूला ठेवण्यात अर्थ नाही, त्याचा अनुभव मोठा असतो. मात्र तो माल विकतोही, म्हणून त्यानं सांगितलेल्या औषधाच्या व्यापारी नावाऐवजी त्यातला घटक विचारायचा, बिल घ्यायचं, आणि बाटलीच्या लेबलचा फोटो गटात टाकायचा. त्या पिकाचं नाव लेबलवर आहे का, हे बघायची सवय गावाला लागली, तरी तुमच्या गटानं मोठं काम केलं असं मी समजेन.

औषधाच्या मात्रेबाबत गटात एक कडक नियम हवा, आणि त्यात सवलत नको. "पंपाला ४० मिली" असं कोणी लिहायचंच नाही. पंप कोणता? पाठीवरचा १५ लिटरचा, २० लिटरचा, की पेट्रोलवर चालणारा? आपल्याकडच्या शिफारशी पूर्वापार १० लिटर पाण्याला दिल्या जातात, आणि पॉवर स्प्रेसाठी मात्रा तिप्पट करायला सांगतात, कारण त्याला एकरी पाणी सुमारे एक तृतीयांश लागतं. एकरी औषध तेवढंच राहतं. हे न समजता पॉवर स्प्रेची मात्रा साध्या पंपात टाकली, की पिकावर तिप्पट औषध जातं आणि मारणाऱ्याच्या अंगावरही. म्हणून मात्रा लिहायची ती घटकाच्या नावासह, १० लिटर पाण्याला, पंपाचा प्रकार सांगून, आणि उत्तर देणाऱ्या तज्ज्ञाच्या नावासह. दोन-तीन औषधं एकत्र करायचे जे मिश्रणाचे मेसेज फिरतात, ते दिसताक्षणी काढून टाकायचे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. उंच वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, अंगावर संरक्षक कपडे नाहीत आणि औषधांची मिश्रणं, अशी अनेक कारणं त्यात एकत्र आली होती. गटाचा ॲडमिन होणं म्हणजे ही जबाबदारी उचलणं. ती नको असेल तर ॲडमिन होऊ नये.

तुमच्याकडे कापूस थोडा आहे म्हणालात, तरी गुलाबी बोंडअळीसाठी गटाचा छान उपयोग होतो. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग ओढून घेणारे) लावायचे आणि रोज सकाळी किती पतंग सापडले तो आकडा टाकायचा. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ पतंग आले, म्हणजे नुकसानीची पातळी गाठली गेली. डोमकळ्या (अळी आत असल्यानं न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुलं) दिसायला लागल्या की त्याही मोजून सांगायच्या. राज्यात २००९ पासून क्रॉपसॅप नावाचा कीड-रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम याच तत्त्वावर चालतो. आधीच्या वर्षी विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला होता, त्यातून तो उभा राहिला. पण ठरावीक गावांतल्या ठरावीक शेतांच्या निरीक्षणावर सगळ्या तालुक्याचा अंदाज बांधावा लागतो. तुमच्या गावातल्या दहा सापळ्यांचे आकडे तुम्हाला जास्त जवळचे, आणि ते कृषी विभागालाही हवेच असतात.

हेच पावसाचं. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हानिहाय येतो, 'मेघदूत' ॲपवर मराठीत वाचता येतो. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं 'दामिनी' प्रत्येक फोनमध्ये असावं, विशेषतः गुराख्यांच्या आणि शेतमजुरांच्या. महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं राज्यात दोन हजारांवर आहेत, पण ती महसूल मंडळाच्या पातळीवर. मंडळाच्या ठिकाणी ६० मिमी आणि तुमच्या शिवारात १५, हे तुम्ही दरवर्षी बघता. म्हणून गावात साधी पर्जन्यमापकं बसवा, शाळेत एक, दोन टोकांच्या शेतांत दोन. रोज सकाळी साडेआठला मोजून आकडा गटात टाका. शाळेतली मुलं हे काम आवडीनं करतात.

या एका आकड्यानं काय होतं ते बघा. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय करू नये, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. शेतकरी ऐकतो, पण आपल्या शेतात किती झाला हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून शेजाऱ्याची तिफण निघाली की तोही निघतो. गटात "आजपर्यंत ओढ्याकाठी ८१, माळावर ५२" असा आकडा आला, तर माळावरचा माणूस थांबायचं की नाही ते स्वतः ठरवतो. सल्ला तोच राहतो, फक्त तो त्याच्या शेताला लागू होतो. शिवाय २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस गेला की मंडळात अतिवृष्टी धरतात. तुमच्या नोंदींना सरकारी दर्जा नसला, तरी पंचनाम्याच्या वेळी अधिकाऱ्यांपुढे ठेवायला तारीखवार आकडे हातात असतात.

बाजारभावाबद्दल थोडक्यात. बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. मेसेजमध्ये फिरतो तो कमाल दर, जो कदाचित एखाद्या निवडक ढिगालाच मिळालेला असतो. तुम्ही सर्वसाधारण दर टाका, सोबत त्या दिवशीची आवक टाका. आणि गावातल्या कोणी माल विकला की त्याला हातात काय पडलं ते विचारा: ओलावा किती धरला, हमाली-तोलाई किती, भाडं किती. लांबच्या बाजारातला शंभर रुपये जास्तीचा दर भाडं वजा केल्यावर बरेचदा उरत नाही, आणि हे कुठलंच ॲप तुम्हाला सांगत नाही.

आता व्हिडिओ. चॅनल काढायची तुमची इच्छा मी समजू शकतो, पण आधी गावापुरतं करा. २००६ मध्ये बंगळुरूत एक संशोधन प्रकल्प सुरू झाला, 'डिजिटल ग्रीन'. २००८ पासून ती स्वतंत्र संस्था आहे. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांऐवजी गावातल्याच शेतकऱ्यांना कॅमेऱ्यासमोर आणलं, त्या फिती लहान गटांना दाखवल्या, आणि दाखवताना गावातलीच एक व्यक्ती मधे थांबवून प्रश्न विचारायची. नुसत्या भेटी आणि भाषणांच्या जुन्या पद्धतीपेक्षा नव्या गोष्टी स्वीकारणारे शेतकरी यात कितीतरी जास्त निघाले. बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असायचा: हा कोण, कुठल्या गावचा? लोकांना माहितीचा पत्ता हवा असतो, हे तिथेही दिसलं.

तीन मिनिटांची फीत करा, एका वेळी एकच कृती. सुरुवात घरच्या बियाण्याच्या उगवण चाचणीनं करा, कारण त्याला खर्च नाही. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात किंवा कागदात ओळीनं मांडून गुंडाळायचे, ओल टिकवायची, आठवड्याच्या आत मोड मोजायचे. ७० किंवा वर आले तर नेहमीचं प्रमाण, खाली आले तर त्या हिशेबानं बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर ते पेरायचं नाही. २०२० च्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या, दुबार पेरणीत लोक खचले. त्यामुळे ही फीत लोक लक्ष देऊन बघतील. ती गावातल्या एखाद्या ताईंनी करून दाखवली तर अधिक चांगलं, कारण बियाणं निवडणं, साठवणं बहुतेक घरांत त्यांच्याच हाती असतं.

आणि इथे मला तुमच्या गटाबद्दल एक थेट प्रश्न विचारायचाय. त्यात बाया किती आहेत? खुरपणी, वेचणी, काढणीत पीक सर्वांत जवळून त्या बघतात. कीड पहिल्यांदा त्यांनाच दिसते. पण घरातला फोन पुरुषाच्या खिशात आणि गटात त्याचाच नंबर. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांमधून बऱ्याच गावांत कृषी सखी (शेतीचं मार्गदर्शन करणाऱ्या गावातल्याच महिला) आहेत. तुमच्या गावात असतील तर त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, गटाच्या बैठकीत फिती दाखवा, प्रश्न तिथेच आवाजात नोंदवून घ्या. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं महिलांबरोबर एक एकराचं काम केलं. घरच्या जमिनीतला एक एकर तिच्या निर्णयाचा, त्यात काय पेरायचं ते ती ठरवणार. निर्णय हाती असला की माहिती लगेच वापरात येते, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. शेतमजूर कुटुंबांनाही विसरू नका. औषध मारणारा हात बहुतेक वेळा त्यांचा असतो, म्हणून सुरक्षिततेची फीत आधी त्यांना दाखवायची.

शिवारात रेंज नसते, रिचार्ज संपलेला असतो, कित्येकांकडे साधा फोन असतो. यावर उपाय साधेच आहेत. ग्रामपंचायतीचं वायफाय जिथे येतं तिथे फिती उतरवून ठेवा आणि फोन-टू-फोन द्या. रोजचा पाऊस, सापळ्यांचे आकडे आणि दिवसाचं एक पक्कं उत्तर पारावरच्या फळ्यावर खडूनं लिहा. जो गटात नाही, त्याच्यापर्यंतही हे पोचलं पाहिजे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आज प्रत्येक जण विचारतो म्हणून सांगतो. २०२५ मध्ये कृषी विभागानं 'महाविस्तार' हे कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं ॲप आणलं, मराठीत विचारता येतं. जरूर वापरा. कीटकाचं जीवनचक्र, वाणाची माहिती, योजनेची कागदपत्रं अशा गोष्टींसाठी ही साधनं उपयोगी आहेत. पण त्यांनाही तुमच्या शेताचा पत्ता दिलात तरच उत्तर कामाचं येईल, आणि औषधाची मात्रा लेबलशी ताडून आणि माणसाला विचारूनच घ्यायची. ॲपचं उत्तर गटात टाकताना ते ॲपचं आहे असं स्पष्ट लिहा.

उत्तर मिळालं की काम संपत नाही. दहा दिवसांनी त्याच शेताचा त्याच जागेवरून फोटो मागवा: काय केलं, किती खर्च आला, फरक पडला का. नाही पडला तर तेही लिहायचं, त्यात कोणाची नाचक्की नाही. लोक यश सांगतात, फसलेलं सांगत नाहीत, आणि गावाला फसलेल्याची जास्त गरज असते. मळणी झाली की एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून पहिल्या दिवशीच्या त्या ओळी पुऱ्या करायच्या: एकरी उतारा, बियाणं-खत-औषधाचा खर्च, मिळालेला दर. माळावर कोणता वाण टिकला, ओढ्याकाठी वरंबा सरीनं काय फरक पडला, कोणाच्या फवारण्या कमी होऊनही उतारा तेवढाच आला, हे तुमच्याच तक्त्यात दिसेल. असे दोन-तीन हंगामांचे तक्ते झाले, की वेबसाइट करायला तुमच्याकडे दुसरीकडे कुठेही न मिळणारा मजकूर असेल, आणि शेजारची गावं तो आपणहून मागतील.

मृगाला अजून वेळ आहे तेवढ्यात तीन गोष्टी करून घ्या. २५ जणांची यादी आणि त्यांच्या जमिनींचे माती परीक्षण अहवाल, घरच्या बियाण्याची उगवण चाचणी, आणि तीन पर्जन्यमापकं. यादीतल्या प्रत्येकाचा वाण, जमिनीचा प्रकार आणि गेल्या वर्षी कोणत्या आठवड्यात कसला त्रास झाला, एवढं मला कळवा. त्यावरून पेरणीनंतरच्या पहिल्या ४५ दिवसांत कोणत्या दिवशी शेतात काय बघायचं, याचा तक्ता मी तुमच्या गावापुरता करून देतो. तो फळ्यावरही लावा.